ओझ्याखालची चाल

सुकरीला आता बसायचं होतं. दुसरं काही नको होतं. डोक्यावरचं घमेलं कोणीतरी उतरवून घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत चढवू नये, एवढंच. पण घरात हे मागायला तिच्याजवळ कारण नव्हतं. म्हातारपण हे कारण धरलं जात नाही. ढिवरांच्या वस्तीत हातपाय चालतात तोवर माणूस म्हातारा नसतोच.

गाव मूल तालुक्यातलं, तलावाच्या पाळीखाली वसलेलं. पुरुष तलावात जाळं टाकतात, बाया मासळी डोक्यावर घेऊन मूलच्या बाजारात विकतात. हे असंच चालत आलेलं. जाळं बाईनं धरायचं नाही आणि तराजू पुरुषानं धरायचा नाही. धरला तर लोक हसतात, आणि हसतील म्हणून कोणी धरत नाही.

लग्न होऊन आली त्या साली सासूनं सुकरीच्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि चुंबळीवर बांबूची टोपली. मासळीचं पाणी फटीतून मानेवर गळायचं, लुगडं पाठीला चिकटायचं. पुढे जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, घमेलं आलं. पाणी गळणं थांबलं. पण ते आतच राहिल्यानं वजन वाढलं, आणि वाढलं ते वजन हलतं झालं.

हलतं ओझं ही वेगळी मेहनत आहे. धानाचं पोतं जड असतं, पण मुकाट बसतं. घमेल्यातलं पाणी पावलागणिक पुढेमागे होतं, आणि त्यात एखादी मरळ जिवंत असली तर ती मधेच शेपटी मारते. पाणी हलू द्यायचं नसेल तर मान खिळ्यासारखी रोवून धरावी लागते. पाऊल लहान टाकावं लागतं, गुडघा जरा वाकवून धक्का तिथंच जिरवावा लागतो. हातानं घमेलं धरलं तर अर्ध्या वाटेत खांदा भरून येतो. म्हणून सुकरी हात सोडून चालायची. तलावाची पाळ उतरली की धानाच्या बांध्या लागतात. दोन बांध्यांमधला धुरा म्हणजे वीतभर रुंदीची माती, पावसाळ्यात साबणासारखी. त्यावरून ती दोन्ही हात सोडून जायची. मागून चालणाऱ्या बायांना तिच्या घमेल्यातलं पाणी उसळलेलं कधी दिसलं नाही.

वस्तीत तिच्या चालीचं नाव होतं. शेजारची कमळा तिच्याच वयाची, तिच्याच सोबत मासळी विकणारी. ती मागून ओरडायची, "झोक पाहा बुढीचा! जशी तहसीलदारीण चालली. काय वं सुकरे, मासोळी इकाले चालली का सही कराले?"

सुकरी मान न वळवता म्हणायची, "तू ये मांगून. रस्त्यात तुही सांडलेली मासोळी वेचत."

झोक म्हणजे डौल. हा शब्द सुकरीला आवडायचा. नवरा गेला, दात गेले, लेकी दूर दिल्या गेल्या. झोक राहिला होता.

गेल्या वर्षभरात त्या शब्दाचा दुसरा अर्थ तिच्या वाट्याला आला. बाजारातून परत येताना, रिकामं घमेलं काखेत धरून, चालता चालता एकदम डावीकडची जमीन खाली जायची. पाय असायचे, पण ते कुठे आहेत ते पायांकडे पाहिल्याशिवाय कळायचं नाही. पहिल्यांदा ती बांधीत पडली. चिखल होता, लागलं नाही, स्वतःच हसली. दुसऱ्यांदा राईस मिलच्या रस्त्यावर गिट्टीवर पडली. मनगट सुजलं, ओठ फाटला. मिलमधल्या हमालांनी उचलून बसवलं.

घरी तिनं सांगितलं, "मले झोक जाते इसरू. पाय सुदरत नाईत."

इसरू तिचा मुलगा. तलावातून येऊन जाळं वाळत घालत होता. जाळं फेकणं म्हणजे कमरेपासून अंग पिळणं आहे. सकाळ संपेपर्यंत माणूस रिकामा होतो. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "वझं घेऊन जाते तवा नाई पडत. रिकामी येते तवा पडते. हे कोनतं पडनं होय माय?"

"मले का माईत."

"जड असलं तं मानूस पडते. तुही उलटीच तऱ्हा."

सून रिना मिलमध्ये कोंडा झाडायला जायची. तिला त्या धुळीचा खोकला लागला होता. चुलीपाशी खोकता खोकता ती म्हणाली, "सासूबाईचं मन नाई लागत आता बाजारात. दुसरं काई नाई."

दोघं खोटं बोलत नव्हते. सुकरी रिकामीच पडत होती. आणि मनही लागत नव्हतं.

दोन हजार सात सालच्या शिमग्यानंतर नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजची माणसं गावात आली. एक डॉक्टरीण आणि स्वप्निल नावाचा इंजिनिअर. शाळेच्या पटांगणात त्यांनी चुन्यानं दोन रेघा मारल्या. सरपंचानं लाऊडस्पीकरवर सांगितलं की साठीच्या वरच्या सगळ्यांनी यावं, कमरेला मशीन बांधून चालायला लावतील, आणि कोण पडणार आहे ते मशीन आधीच सांगेल.

कमळा म्हणाली, "हे मशीन इलेक्शनच्या पयले आनाले पायजे होतं. कोन पडनार ते कळलं असतं, आपली मतं वाया गेली नसती."

सरपंच आदल्या खेपेला पडला होता. तोही हसला.

सुकरीनं मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. ही माणसं आधी शेजारच्या गावात जाऊन आली होती, आणि तिथला एक म्हातारा असाच मशीन बांधून चालला होता. मशीननं सांगितलं म्हणून पोरानं त्याला मोहाच्या झाडावर चढणं बंद करायला लावलं. पोरगा बापाचं ऐकत नव्हता, मशीनचं त्यानं ऐकलं. म्हणजे कारण मिळत होतं. घरात मांडता येईल असं, शाळेच्या पटांगणात सगळ्यांसमोर ठरलेलं कारण.

ती धुतलेलं लुगडं नेसून गेली.

स्वप्निलनं तिच्या कमरेला काळा पट्टा बांधला. पट्ट्यावर काडेपेटीएवढी डबी. तशाच दोन डब्या घोट्यांना. "आजी, या डबीला सेन्सर म्हणतात. तुमच्या प्रत्येक पावलाचा धक्का हिला कळतो. तुमचं अंग किती डोलतं तेही कळतं. मग तिथं रेघ उमटते." त्यानं टेबलावरचा लॅपटॉप दाखवला. "चालताना झोक जातो का तुमचा?"

भिंतीपाशी बसलेली कमळा मधेच बोलली, "तिच्या झोकाचं काय इचारता सायेब! अख्ख्या मूलले माईत हाये."

"म्हणजे किती दिवसांपासून?"

"लगीन झालं तवापासून!"

बाया खो खो हसल्या. डॉक्टरीणबाईंना अर्थ लागला तेव्हा त्याही हसल्या. सुकरीला हसू आलं नाही. तिचा जीव त्या डबीत अडकला होता.

"आता रोज चालता तशा चाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या रेघेपर्यंत जा, वळा, परत या."

सुकरीच्या मनात होतं की जरा जास्तच डोलावं. त्याची गरज पडली नाही. रिकाम्या डोक्यानं, रिकाम्या हातांनी, सगळ्यांच्या नजरेसमोर चालताना तिचे पाय खरोखरच फाकले. एक पाऊल लांब, एक आखूड. वळताना डावीकडची जमीन गेली. डॉक्टरीणबाईंनी धावत येऊन कोपर धरलं, नाहीतर ती तोंडावरच जाणार होती.

भिंतीवरून कोणीतरी म्हणालं, "सुकरीबाई, आज सकाळपासूनच का?"

पटांगण हसलं. मोहाची दारू गावात सगळ्यांना ठाऊक. कमळाही हसली, तोंडावर पदर धरून, पण हसली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुकरीला खुर्चीवर बसवलं, मानेला मागून बोटांनी दाबून पाहिलं, हाताची बोटं उघडझाप करायला लावली. "किती वर्षं डोक्यावर वाहता?"

"लगीन झालं तवापासून."

आता कोणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाई वाकून हलकेच म्हणाल्या, "मानेचे मणके बसलेत आजी. तुमच्या मुलाला बोलवून घ्या. मी सांगते त्याला. हे ओझं बंद झालं पाहिजे."

झालं होतं. सुकरीला हवं ते झालं होतं. आता तिला काहीच करायचं नव्हतं. खुर्चीत बसून राहायचं, इसरू येईल, बाई त्याला सांगतील, संपलं. आयुष्यभरात तिनं इतकं सोपं काम केलं नव्हतं.

इसरू आला तो लोकांच्या हसण्यातूनच आला. भिंतीवरच्या पोरानं त्याला ऐकवलंच, "इसरू भाऊ, मायले जरा कमी पाजत जा." इसरू आईजवळ आला. तिच्याकडे न पाहता, जमिनीकडे पाहून हलकेच म्हणाला, "माय, घरी चाल. लोकं पाहून राह्यले."

सुकरीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला लाज वाटत होती. तिच्या पडण्याची इतके दिवस त्याला चीड होती. ती तिनं सोसली होती. लाज तिनं पहिल्यांदा पाहिली. आणि चालीची लाज! ज्या चालीनं तिनं त्याला पोटात घेऊन धुऱ्यावरून मासळी वाहिली, त्या चालीची.

ती खुर्चीतून उठली.

"हे माही चाल नोहे," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमी म्हनलं, रोज चालता तशा चाला. मी रोज अशी चालतच नाई. रोज तं डोक्श्यावर वझं असते."

स्वप्निलचे डोळे चमकले. "मॅडम, ओझ्यासकट कोणाचंच घेतलं नाही आपण."

"नको, त्यांची मान बघितली ना मी."

"एकदाच. फक्त या रेघेपर्यंत."

डॉक्टरीणबाईंनी एकदा मानेकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे. त्यांनाही पाहायचं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं हो धरलं गेलं.

घरून घमेलं आलं. त्या वेळी मासळी कुठची. शाळेच्या हँडपंपाचं पाणी भरलं. ओझं असं एकट्यानं डोक्यावर घेता येत नाही, उतरवताही येत नाही. वाटेत कोणीही भेटला आणि हात लाव म्हटलं तर नाही म्हणायचं नसतं. कमळा उठली. एका बाजूनं तिनं धरलं, दुसऱ्या बाजूनं सुकरीनं, आणि गुडघ्याच्या एका हिसक्यात घमेलं चुंबळीवर बसलं. बसलं तसं सुकरीचं सगळं अंग एका ओळीत आलं. पाय जवळ आले. हनुवटी वर गेली. हात तिनं सोडून दिले.

ती चालली. चुन्याच्या रेघेवरून, रेघ न मोडता. टोकाला जाऊन वळली, ती वळल्याचं घमेल्यातल्या पाण्याला कळलं नाही. परत आली.

लॅपटॉपवरची रेघ मघाशी काट्याकुट्यांसारखी उठली होती. आता ती पट्टीनं मारल्यासारखी सरळ आली. स्वप्निलनं लॅपटॉप उचलून भिंतीकडे फिरवला. "पाहा, पाहा! ही रिकामी चालली ती. आणि ही ओझं घेऊन." कोणीतरी शिटी मारली. "आजी, तुम्ही तर रिकाम्या चालूच नका! ओझं हेच तुमचं औषध आहे."

सगळे हसले. हे हसणं वेगळं होतं. इसरूही हसला. त्यानं मान वर केली आणि पुढे होऊन आईच्या डोक्यावरचं घमेलं स्वतः उतरवून घेतलं. उतरवताना तो लोकांकडे पाहत होता.

पाच-दहा मिनिटं सुकरीला फार बरं वाटलं. तेवढंच.

डॉक्टरीणबाईंनी इसरूला बाजूला नेऊन नीट समजावलं. मानेतून जाणाऱ्या शिरा दबल्या आहेत, म्हणून पायांची खबर डोक्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तोल जातो. ओझ्याखाली ती सगळं अंग आवळून धरते, त्यामुळे रेघ सरळ येते. त्या आवळण्यानंच मान आणखी जाते आहे. "सरळ चालतात म्हणजे बऱ्या आहेत असं नाही. ओझं बंद. कळलं ना?" इसरूनं हो म्हटलं. बाईंनी मानेला बांधायचा पांढरा पट्टा दिला. गाडी पुढच्या गावाला गेली.

बाई जे बोलल्या ते लांबलचक होतं आणि एकट्या इसरूनं ऐकलं होतं. स्वप्निल जे बोलला ते एका वाक्याचं होतं आणि गावानं ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत ते बाजारापर्यंत गेलं.

रात्री जेवताना सुकरीनं विचारलं, "बाई का म्हनली तुले?"

"म्हनली, मान जपा."

"अखीन?"

इसरू घास चावत राहिला. त्याला आठवत नव्हतं असं नाही. पण ओझं बंद म्हणजे काय? मासळी तलावातून आपल्या पायांनी बाजारात जात नाही. रिना गेली तर मिलमधलं काम जाईल. तो गेला तर तराजू धरावा लागेल. त्यानं तिन्ही वाटा मनात चालून पाहिल्या आणि जी चालून झालेली होती तिच्यावर परत आला.

"मशीनमंदी तं सरळच आलं माय. सगळ्यायनं पाह्यलं. तूच म्हनली, हे माही चाल नोहे."

सुकरी खरंच तसं म्हणाली होती. इसरूनं आग्रह केला नव्हता, सुनेनं केला नव्हता. ती स्वतः खुर्चीतून उठली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इसरूनं तिच्या मानेला तो पांढरा पट्टा बांधला. बांधून झाल्यावर तिची मान हलवून पाहिली, घट्ट आहे म्हणाला, आणि वर घमेलं चढवलं. पट्ट्यानं मान चांगली धरली. ओझ्याला आधार झाला. पट्टा ओझं वाहायला दिलेला नाही, हे सांगायला तिथं कोणी नव्हतं.

आणि मग इसरूच्या मनात दुसरी गोष्ट आली. ती लबाडीनं आली असती तर सुकरीला भांडता तरी आलं असतं. ती काळजीनं आली.

"माय, तू जाताना नाई पडत. येताना पडते. काऊन का येताना तू रिकामी असते. तं येताना बी वझं पायजे."

"आता येताना बी?"

"जड नाई. मिलमंदून कोंड्याचं पोतं. शेळ्यायले होईल. रिना गेटवर हात लावून देईल तुले. मंग नाई पडत तू. मले दिवसभर घोर राह्यते वं माय, कुठी पडली अशीन, कोन उचलत अशीन."

बाप गेल्यावर तो आईशी असा कधी बोलला नव्हता. सुकरीनं मान डोलवायचा प्रयत्न केला. पट्ट्यात ती डोलली नाही.

तेव्हापासून सुकरी जाताना मासळी आणि येताना कोंडा वाहू लागली. कोंडा हलका असतो म्हणतात. म्हणणाऱ्यानं तो उन्हाच्या वेळी वाहून पाहावा. पोतं डोक्याच्या दोन्ही बाजूंनी लोंबतं, कानाशी गरम होतं, भुसा मानेच्या घामात जाऊन बसतो आणि पट्ट्याखाली रुततो. मानेभोवती लाल कडं पडलं. कमळा एकदा म्हणाली, "काडून फेक तो पट्टा. बैलाले बी घरी आल्यावर जू उतरवते मानूस."

"राहू दे," सुकरी म्हणाली. "त्यानं बांधून देल्ला हाये."

ती पडली नाही. उन्हाळाभर नाही, पावसाळाभर नाही. धुरे साबणासारखे झाले, कमळा स्वतः दोनदा घसरली, सुकरी नाही. वस्तीतल्या आणखी एका म्हातारीला तिच्या लेकानं येताना सरपणाची मोळी आणायला लावली. ती म्हणाली मला झोक जात नाही, तर तो म्हणाला, जाऊ नये म्हणूनच.

धान कापणीला आलं तेव्हा नागपूरची गाडी परत आली. डॉक्टरीणबाई नव्हत्या, त्यांची दुसरीकडे बदली झाली होती. स्वप्निल होता. त्याची डबी आता आणखी लहान झाली होती.

"नमस्कार आजी! ओळखलं ना? मधल्या काळात पडल्या का कुठे?"

उत्तर इसरूनं दिलं. "एक बी डाव नाई सर."

"एकदाही नाही? क्या बात है!" स्वप्निलला खरोखर आनंद झाला. "छान काळजी घेतली तुम्ही." मग मानेचा पट्टा पाहून म्हणाला, "नियमित बांधता, हे फार चांगलं आहे."

इसरू लाजल्यासारखा हसला.

सुकरीला वर पाहून बोलायचं होतं. बाई कुठी गेल्या, असं विचारायचं होतं. बाईंनी त्या दिवशी काय सांगितलं होतं ते एकदा सगळ्यांसमोर सांगा, असंही म्हणायचं होतं. पण ते स्वप्निलला कितपत ठाऊक होतं कोण जाणे. तोवर कमरेला पट्टा बांधून झाला होता.

"आधी रिकाम्या चाला आजी. त्या रेघेपर्यंत."

सुकरी रेघेवर उभी राहिली. समोर सपाट पटांगण होतं. तिनं उजवा पाय उचलायला म्हणून अंग डावीकडे टाकलं आणि लगेच परत घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतलं. पाय कुठे आहेत ते पाहायला मानेच्या पट्ट्यामुळे मान खाली जात नव्हती. भिंतीपाशी कुजबुज सुरू झाली आणि थांबली.

"चाला आजी. मी आहे ना बाजूला."

"नाई जमत," सुकरी म्हणाली.

"घाबरू नका. एक पाऊल टाका."

ती दोन्ही हात पसरून तशीच उभी होती. हाताला धरायला काही नव्हतं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "इसरू, वझं आन."

"काय म्हणतात?" स्वप्निलनं विचारलं.

"वझं मांगते," इसरू म्हणाला, आणि घमेलं आणायला घराकडे निघाला.